गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाचे उष्टावण: खीर कशाची करावी आणि पुढे काय द्यावे?

तासगावची आई

नमस्कार. माझ्या मुलाला लवकरच सहा महिने पूर्ण होतील आणि आजवर तो केवळ अंगावरच्या दुधावर वाढला आहे. तिसऱ्या महिन्यात त्याच्या शीमध्ये शेंबडासारखा चिकटपणा आणि रक्ताचे बारीक धागे दिसू लागले. ताप नव्हता, तो हसत-खेळत होता, वजनही वाढत होते. तरीही रक्त पाहून घरातल्या सर्वांचे धाबे दणाणले. बालरोगतज्ज्ञांनी तपासणी करून गाईच्या दुधातील प्रथिने त्याला सोसत नसावीत असे सांगितले, स्तनपान चालू ठेवायला सांगितले आणि माझे दूध, दही, ताक, लोणी, पनीर, खवा सर्व बंद केले. काही आठवड्यांत शी स्वच्छ झाली.

आता उष्टावण ठरले आहे. आमच्याकडे मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवायची पद्धत आहे आणि ती खीर अर्थातच दुधाची असते. दारात म्हैस असताना बाळाला दुधाचा थेंब नाही, हे सासूबाईंना पटत नाही. गाईचे सोसत नसेल तर म्हशीचे किंवा शेळीचे द्यावे, असे त्यांचे म्हणणे आहे. एका नातेवाइकांनी लॅक्टोज नसलेली दुधाची पावडर सुचवली. भीतीपोटी मी स्वतः शेंगदाणे, गहू, अंडी, तूरडाळ आणि वांगेही सोडले आहे; त्यामुळे जेवणात भात, मूग आणि भाजी एवढेच उरते आणि माझे वजन उतरत चालले आहे. बाळाला पहिले अन्न कोणते द्यावे, कोणते लांबणीवर टाकावे आणि माझ्या पानात काय असावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कराडहून एक आई

ताई, माझ्या मुलीलाही हाच त्रास होता, त्यामुळे आपली धास्ती मी समजू शकते. लॅक्टोज नसलेल्या पावडरीच्या फंदात कृपया पडू नका. लॅक्टोज ही दुधातील साखर आहे आणि आपल्या बाळाला त्रास आहे तो प्रथिनांचा. त्या पावडरीतून साखर काढलेली असते, प्रथिने मात्र गाईच्या दुधाचीच राहतात. शिवाय आईच्या दुधातही लॅक्टोज भरपूर असते आणि ते तर बाळ रोज पीत आहे.

आम्ही उष्टावणाची खीर तांदळाच्या कण्यांची, नारळाच्या दुधातली केली होती. पाहुण्यांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही आणि ज्यांच्या आले त्यांना चव आवडली. खरी पंचाईत झाली ती समारंभानंतर, कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण बाळाच्या हातात बिस्किट देतो. साधे ग्लुकोजचे बिस्किट असो, टोस्ट असो की खारी, पुड्यावरील घटक वाचले तर बहुतेक वेळा दुधाचे घन पदार्थ किंवा व्हे, म्हणजे दुधातलीच प्रथिने, सापडतातच. सातारी कंदी पेढ्याचा कण बाळाच्या ओठाला लावणारे हात तर सर्वांत प्रेमळ असतात, त्यामुळे त्यांना अडवणे सर्वांत कठीण जाते. घरातल्या सर्वांना आधी एकत्र बसवून सांगून ठेवावे.

पोषणसखी, सांगली

मी आहारतज्ज्ञ आहे आणि लहान मुलांच्या आहाराचेच काम करते. आपल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला अंतिम मानून पुढील मजकूर वाचावा.

सासूबाईंचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातील केसीन आणि व्हे ही प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की ज्या बाळाला गाईचे दूध सोसत नाही, त्याला बहुधा म्हशीचे आणि शेळीचेही सोसत नाही. पचायला हलके असणे ही एक गोष्ट आणि ॲलर्जी न होणे ही दुसरी. तसेही एक वर्षापर्यंत कोणत्याही जनावराचे दूध बाळाचे मुख्य पेय असू नये. आपण स्तनपान करत आहात, त्यामुळे आज कोणत्याही पावडरीची गरज नाही. कधी वरचे दूध देण्याची वेळ आलीच, तर प्रथिनांचे अतिशय बारीक तुकडे केलेली खास पावडर डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावी. ती महाग असते. त्यांपैकी कोणत्याही पावडरीचे नाव मी येथे सुचवणार नाही, कारण अशा उत्पादनांच्या जाहिरातीला 1992च्या कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

आता आपल्या पानाविषयी, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. जे वर्ज्य करायचे ते काटेकोरपणे वर्ज्य करावे, परंतु तेवढेच करावे. दुधाचे पथ्य पाळताना अर्धा चमचा दही चालेल का, असे विचारू नये. आणि त्याच वेळी ज्या पदार्थाविरुद्ध कसलाही पुरावा नाही, तो केवळ भीतीने सोडू नये. तूरडाळ आणि वांगे यांना आपल्याकडे वातूळ म्हणतात, पण शीतील रक्ताशी त्यांचा संबंध जोडण्याचे कारण आपल्या लिहिण्यात कोठेही दिसत नाही. दूध बंद केल्यावर शी स्वच्छ झाली, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020च्या शिफारशींनुसार स्तनदा मातेला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत सुमारे 520 उष्मांक जास्तीचे लागतात. भात, मूग आणि पालेभाजीवर ही भर पडत नाही. तूरडाळ, वांगे, गहू, शेंगदाणे आणि आपण खात असाल तर अंडी, असे एकेक करून, प्रत्येकात काही दिवसांचे अंतर ठेवून, पुन्हा सुरू करावे. सोया मात्र शेवटी ठेवावे, कारण दूध न सोसणाऱ्या काही बाळांना सोयाही सोसत नाही.

दूध गेल्यावर पहिली तूट पडते ती कॅल्शियमची. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे दिवसाला नाचणीच्या दोन मोठ्या भाकऱ्या खाल्ल्या तरी रोजच्या गरजेचा तिसरा हिस्सा जेमतेम भरतो. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांची जोड द्यावी, पण गोळी टाळू नये. सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर सहा महिने 500 मिलिग्रॅमची कॅल्शियमची गोळी ड जीवनसत्त्वासह दिवसातून दोनदा देतात. आपले सहा महिने संपत आले असले, तरी दुधाचे पथ्य असेपर्यंत ती चालू ठेवण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. बाळाला ड जीवनसत्त्वाचे 400 युनिटांचे थेंब पहिले वर्षभर रोज द्यायचे असतात, ते चालू आहेत ना, हेही पाहावे.

तुपाबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगते. लोणी कढवताना तळाशी जी बेरी उरते, ती मुख्यतः प्रथिनांचीच असते. तूप कितीही नितळ गाळले तरी त्यांचा अंश त्यात राहू शकतो. म्हणून पथ्याच्या काळात बाळाच्या मऊ भातावर तुपाऐवजी खोबरेल किंवा करडईचे तेल चमचाभर घालावे.

पहिले अन्न म्हणून नाचणी, तांदूळ, मुगाची डाळ, लाल भोपळा, रताळे, केळे यांपैकी काहीही चालेल. नवा पदार्थ सकाळी द्यावा, म्हणजे दिवसभर लक्ष राहते, आणि दोन-तीन दिवस त्यात दुसरी भर घालू नये. एक लक्षण मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. नवे अन्न दिल्यावर एक ते चार तासांनी बाळाला एकामागून एक उलट्या होऊ लागल्या, ते पांढरे पडले आणि अंग सोडून निपचित झाले, तर तो अन्नाच्या ॲलर्जीचाच एक वेगळा, तीव्र प्रकार असू शकतो आणि तो तांदळानेही होतो. आपल्याकडे भाताच्या पेजेवर कोणी संशय घेत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा डोळे सुजणे, श्वास लागणे ही लक्षणे सहसा काही मिनिटांत, क्वचित तास-दोन तासांत दिसतात. अशा कोणत्याही वेळी घरगुती उपाय करत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

शेंगदाणे, अंडी आणि गहू वर्षानंतरच द्यावेत, हा समज आता मागे पडला आहे. 2015 साली लंडनमधील लीप या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, 4 ते 11 महिने वयाची 640 बाळे त्यात होती. ज्यांना शेंगदाणा नियमित दिला गेला, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला शेंगदाण्याची ॲलर्जी न देणाऱ्या गटापेक्षा सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. भाजीत दाण्याचे कूट नसेल तर जेवण अपुरे वाटणाऱ्या आपल्या भागात ही बातमी स्वागतार्हच आहे. पहिल्या पदार्थांशी बाळाची ओळख झाली की अगदी गुळगुळीत वाटलेला दाणा कोमट पाण्यात पातळ करून चमच्याच्या टोकावर द्यावा आणि सोसला तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहावे. अख्खा किंवा भरड दाणा कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. आपल्या बाळाला तीव्र इसब असेल, तर मात्र हे सर्व डॉक्टरांना विचारूनच करावे.

वाईच्या आजी

माझी दोन नातवंडे अशीच वाढली, म्हणून खिरीचे मी सांगते. नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, सावलीत खडखडीत वाळवावी, मंद आचेवर किंचित भाजून मिक्सरवर दळावी आणि वस्त्रगाळ करावी. हे सत्त्व चमचाभर घेऊन गार पाण्यात कालवावे, गुठळी राहू देऊ नये, आणि ढवळत शिजवावे. चकाकी आली की उतरवून कोमट होऊ द्यावे आणि आईने काढून ठेवलेले स्वतःचेच दूध दोन चमचे त्यात मिसळावे. मामाने ती खीर चाटवावी. दुधाची खीर झाली आणि पथ्यही मोडले नाही. गोडीसाठी पिकलेले केळे कुस्करून किंवा खारकेची पूड शिजवून घालावी. गूळ, साखर आणि मीठ वर्षाच्या आत नको, असे आता डॉक्टर सांगतात आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात देऊ नये, त्यातील जंतूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. पाहुण्यांसाठी दुधाची खीर वेगळ्या पातेल्यात करावी, म्हणजे सासूबाईंचेही मन राहते.

बाळघुटीबद्दल माझे मत येथे अनेकांना आवडणार नाही. आम्ही सर्वांनी सहाणेवर बदाम, खारीक, हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ उगाळून मुलांना चाटवले आणि मुले वाढली, हे खरे आहे. परंतु ज्या बाळाचे काय सोसते आणि काय नाही हे अजून शोधायचे आहे, त्याला एका वेढ्यात इतक्या वस्तू दिल्यावर पुरळ उठले तर दोष कोणाला देणार? या बाळाला घुटी देऊ नये. आंघोळीला साय आणि डाळीचे पीठ लावण्याची पद्धतही थांबवावी, विशेषतः कातडी कोरडी किंवा फुटलेली असेल तर. माझ्या सुनेला डॉक्टरांनी समजावले होते की खरवडलेल्या कातडीतून अन्नाची ओळख झाली की ॲलर्जी जडण्याची शक्यता वाढते, तोंडावाटे झाली तर शरीर ते अन्न स्वीकारायला शिकते.

तासगावची आई

सर्वांचे मनापासून आभार. आजींची खीर सासूबाईंना वाचून दाखवली आणि त्यांनी आजच नाचणी भिजत घातली आहे. काही शंका उरल्या आहेत. गिरणीत आमच्या आधी कोणाचे काय दळले जाते ते सांगता येत नाही, त्याने बिघडेल का? गहू द्यायचा झाल्यास घरची खपली आहे. ती सुरक्षित मानावी का? आमच्याकडे गाढविणीचे दूध विकणारे दारावर येतात, त्याबद्दलही शेजारी आग्रह धरतात. शेवटचे म्हणजे, मी पुन्हा दूध घेऊन पाहावे असे डॉक्टर म्हणाले होते, पण रक्ताच्या आठवणीने आमच्यापैकी कोणाचे धाडस झाले नाही.

कराडहून एक आई

आम्हीही ती परीक्षा घेतली नव्हती. शी स्वच्छ असताना मुद्दाम दूध घेऊन पुन्हा रक्त पाहायचे कशाला, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. माझी मुलगी वर्षाची झाल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दूध घेऊ लागली आणि प्रश्न मिटला.

पोषणसखी, सांगली

कराडच्या ताईंच्या भावनेचा आदर ठेवून मी असहमती नोंदवते. तान्ह्या बाळांच्या शीतील रक्त काही वेळा काहीही न करता आपोआप थांबते. त्यामुळे दूध बंद केल्यावर रक्त थांबले, एवढ्यावरून दूधच कारणीभूत होते असे सिद्ध होत नाही. या प्रकारच्या ॲलर्जीत रक्ताची किंवा त्वचेची चाचणी सहसा काहीच दाखवत नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या शंभर-दीडशे पदार्थांच्या आयजीजी नावाच्या रक्तचाचण्यांवर तर ॲलर्जीतज्ज्ञ निदानासाठी विश्वास ठेवत नाहीत. त्या अहवालामुळे घाबरून अर्धे स्वयंपाकघर बंद केलेल्या माता मी पाहिल्या आहेत. निदान पक्के करण्याचा मार्ग एकच: दोन ते चार आठवडे पथ्य, सुधारणा दिसली की आईने स्वतःच्या आहारात दूध पुन्हा सुरू करणे आणि लक्षणे परततात का हे पाहणे. परततात तेव्हा ती बहुधा काही दिवसांतच दिसतात आणि दूध थांबवले की पुन्हा शमतात. परतली नाहीत, तर आईचे आणि बाळाचे कित्येक महिन्यांचे विनाकारण पथ्य वाचते. आपल्या बाळाची लक्षणे सौम्य होती, म्हणून डॉक्टरांच्या संमतीने हे घरी करता येईल. ज्या बाळाला गांधी, सूज, धाप किंवा वर सांगितलेल्या तीव्र उलट्या झाल्या आहेत, त्याच्याबाबत घरी असा प्रयोग कधीही करू नये. आणि उष्टावणाच्या आठवड्यात तर नकोच; एकाच वेळी बाळाला नाचणीही नवी आणि आईच्या आहारात दूधही नवे असले, तर काही बिनसल्यास कारण सापडणार नाही. अगोदर चार-पाच पदार्थ बाळाच्या अंगी लागू द्यावेत, मग हे करावे.

गिरणीची चिंता दुधाच्या ॲलर्जीत करू नये, तिथे दूध दळले जात नाही. पुढे गव्हाची किंवा हरभऱ्याची ॲलर्जी निघाली, तर मात्र पीठ घरीच दळावे लागेल. खपली हा गहूच आहे. आपल्या कृष्णाकाठी तिला मोठा मान आहे आणि चवीत तो योग्यही आहे, परंतु तिच्यातही ग्लुटेन हे गव्हातले प्रथिन असते. ज्याला गहू सोसत नाही त्याला खपलीही देऊ नये. आपल्या बाळाला गव्हाचा त्रास असल्याचे काहीच चिन्ह नाही, तेव्हा खपलीचा मऊ दलिया पाण्यात शिजवून खुशाल द्यावा.

गाढविणीच्या दुधाची प्रथिने गाईच्या दुधापेक्षा बरीच वेगळी असतात आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या अनेक मुलांना ते सोसते, हे खरे आहे. परंतु त्यात स्निग्धांश फार कमी असतो, त्यामुळे ते बाळाचे पोषण करू शकत नाही, आणि दारावर ते कच्चेच, न उकळता पाजले जाते. जंतुसंसर्गाचा धोका पत्करून चमचाभर दूध पाजण्यात मला कोणताही लाभ दिसत नाही.

विट्याचे एक बाबा

पुड्यांविषयी थोडी भर घालतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020च्या लेबलिंग नियमांनुसार दूध, अंडे, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणा, इतर कठीण कवचाची फळे, सोया आणि ग्लुटेनयुक्त धान्ये असल्यास पुड्यावर तसा वेगळा उल्लेख करावा लागतो. बारीक अक्षरांतील घटकांच्या यादीखाली ही ओळ शोधली की काम लवकर होते. आम्ही घेतलेल्या नाचणीच्या एका तयार मिश्रणावर पुढे मोठ्या अक्षरात नाचणी आणि मागे दुधाची पावडर, असा प्रकार होता. अंगणवाडीतून मिळणाऱ्या पाकिटावरील घटकही वाचून घ्यावेत आणि वजनासाठी तिथे नियमित जावे. बेकरीचा सुटा माल, हॉटेलातील पदार्थ आणि मिठाई यांवर असे काहीच छापलेले नसते, म्हणून ते सरळ टाळावे. सल्फाइट, म्हणजे पदार्थ टिकवण्यासाठी वापरली जाणारी गंधकाची संयुगे, यांचाही उल्लेख प्रमाण जास्त असल्यास करावा लागतो. ताई तासगावच्या आहेत म्हणून सांगतो, पिवळाधमक राहावा म्हणून गंधकाची धुरी दिलेला बेदाणा बाळासाठी वापरू नये. काळ्या मनुका भिजवून त्याचे गाळलेले पाणी शौचाला घट्ट होत असल्यास देता येते, अख्खा मनुका मात्र घशात अडकू शकतो.

तासगावची आई

खूप उपयोगी माहिती मिळाली. उष्टावण आजींच्या पद्धतीने करू आणि पंधरवड्यानंतर डॉक्टरांना भेटून दूध घेऊन पाहण्याविषयी ठरवू. एक छोटी शंका: मला लोहाची गोळीही चालू आहे, ती कॅल्शियमबरोबर एकाच वेळी घेतली तर चालते का? आणि बाळाला लोहाचे औषध वेगळे द्यावे लागते का?

पोषणसखी, सांगली

दोन्ही गोळ्या एकत्र घेऊ नयेत, कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होते. कॅल्शियमची एक गोळी सकाळच्या आणि दुसरी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावी. दोन्ही एकदम घेतल्यास शोषण तितके चांगले होत नाही. लोहाची गोळी दुपारी, त्यापासून किमान दोन तासांच्या अंतराने, लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी आणि तिच्या मागे-पुढे तासभर चहा टाळावा. सहा महिन्यांनंतर केवळ आईच्या दुधातून बाळाची लोहाची गरज भागत नाही. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांच्या पुढील बालकांना लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर देतात. ते आशाताईंकडे मिळते. आपल्या बाळाच्या शीतून काही काळ रक्त गेले आहे, म्हणून पुढच्या भेटीत त्याचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. लोह सुरू झाल्यावर शी काळपट होते. ते रक्त नव्हे, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवावे.